मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाची तयारी दुसऱ्या वर्षापासूनच व्हावी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बारावीचे निकाल लागले की आपल्या दैनिकाच्या ठाणे पुरवणीत पुढील शिक्षणाच्या वाटांविषयी मजकूर येऊ लागतो आणि अलीकडे त्यात मानसशास्त्राला ठळक जागा मिळते, याचा मला मनापासून आनंद आहे. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात सत्तावीस वर्षे पदवीच्या वर्गांना हा विषय शिकवला. मी शिकवायला लागले तेव्हा वर्गात जेमतेम वीस मुली असत आणि त्यांतील निम्म्यांना घरी विरोध झालेला असे. १९०१ सालापासून येथे असलेल्या मनोरुग्णालयामुळे आपल्या शहराचे नाव महाराष्ट्रभर भांडणात, थट्टेत 'ठाण्याला पाठवू का' असे घेतले जाई, आणि त्याच शहरात राहून मुलीने हा विषय निवडावा हे पालकांना पटत नसे. आज तोच वर्ग ओसंडून वाहतो. डोंबिवली, दिवा, घणसोली, तुर्भे येथून मुले-मुली या विषयासाठी गाडीला लोंबकळत येतात. त्यांना प्रवेश कसा घ्यावा हे आपण छापता. पदवीची तीन वर्षे संपल्यावर पुढच्या दारात उभे राहताना हातात काय असावे, याविषयी मात्र कोणीच वेळेवर सांगत नाही, म्हणून हे पत्र.

या विषयात नुसत्या पदवीवर कोणी मानसशास्त्रज्ञ होत नाही. समुपदेशक व्हायचे असो, उद्योगसंस्थेत काम करायचे असो, शाळेत जायचे असो किंवा संशोधनात, पदव्युत्तर शिक्षण हीच खरी सुरुवात असते, आणि तेथे जागा थोड्या व अर्ज फार अशी स्थिती असते. मुंबई विद्यापीठाचा कलिना येथील उपयोजित मानसशास्त्र विभाग आणि देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था ही आपल्याकडील मुलांची दोन जुनी स्वप्ने. ठाण्याहून कुर्ल्यापर्यंत आणि वाशीहून गोवंडीपर्यंतचा रेल्वेप्रवास तासाभरातला असला, तरी तेथे आत जाण्याची तयारी वर्षा-दोन वर्षांची आहे, हे मुलांना तृतीय वर्षाच्या मार्चमध्ये कळते. तोवर उशीर झालेला असतो.

उशीर झाला की घाई होते आणि घाई झाली की प्रमाणपत्रे विकत घेतली जातात. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी कळव्याची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिच्या फाइलमध्ये नऊ प्रमाणपत्रे होती: सात दिवसांचे समुपदेशन प्रशिक्षण, दोन दिवसांची कला-उपचार कार्यशाळा, एक महिन्याची ऑनलाइन 'इंटर्नशिप', आणि अशीच आणखी. त्यांतील एका इंटर्नशिपसाठी तिच्या वडिलांनी सहा हजार रुपये भरले होते. ते रिक्षा चालवतात. मी तिला विचारले, त्या महिन्यात तू काय केलेस? तिने सांगितले की रोज संध्याकाळी एक तास कोणीतरी स्लाइड्स दाखवून नैराश्याची, चिंतेची लक्षणे वाचून दाखवी आणि शेवटी बहुपर्यायी प्रश्नांची एक चाचणी झाली. एकाही रुग्णाला, एकाही पर्यवेक्षकाला ती भेटली नव्हती. प्रवेशाच्या मुलाखतीत तिला विचारले गेले की एखाद्या चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तरी तसेच उत्तर येणे) आणि वैधता (जे मोजायचे तेच मोजले जाणे) यांत फरक काय, आणि विश्वसनीय असलेली चाचणी अवैध असू शकते का. दोन्ही गोष्टी तिच्या तृतीय वर्षाच्या अभ्यासक्रमात होत्या. ती रडत परत आली. तिची बुद्धी कमी नव्हती आणि कष्टांतही ती कमी पडली नव्हती. तिचे वर्ष आणि तिच्या घरचे पैसे चुकीच्या जागी गेले होते, आणि तिला वेळेवर न सांगणाऱ्यांत मीही एक होते. हे मी आजही विसरलेले नाही.

म्हणून प्रथम संख्याशास्त्राविषयी लिहिते. आपल्याकडे कला शाखेत येणाऱ्या कित्येक मुलांनी दहावीनंतर 'गणित सुटले' म्हणून सुटकेचा श्वास टाकलेला असतो. तृतीय वर्षात मानसशास्त्रीय चाचण्या आणि संख्याशास्त्राचा पेपर समोर आला की ती प्रमाण विचलनाचे सूत्र पाठ करतात, उदाहरणे घोकतात, गुण मिळवतात आणि परीक्षा संपताच सारे विसरतात. पदव्युत्तर वर्गात मात्र पहिल्याच सत्रात हीच गोष्ट पायाभूत धरलेली असते. ती का धरलेली असते, हे वर्गात मी एका उदाहरणाने सांगत असे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे दहा टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आता समजा, एका वसाहतीतील हजार माणसांना आपण एक प्रश्नावली दिली आणि ती इतकी चांगली आहे की शंभर आजारी माणसांपैकी नव्वद ती बरोबर ओळखते आणि शंभर निरोगी माणसांपैकी केवळ दहांना चुकून आजारी ठरवते. हजारांत शंभर आजारी, त्यांतील नव्वद सापडले. उरलेले नऊशे निरोगी, त्यांतीलही नव्वद चुकून सापडले. म्हणजे प्रश्नावलीने ज्या एकशे ऐंशी जणांकडे बोट दाखवले, त्यांतील निम्म्यांना काहीच झालेले नाही. हा हिशेब ज्या मुलीला स्वतः मांडता येतो, ती मोबाइलवरची दहा प्रश्नांची चाचणी भरून घेऊन मैत्रिणीला 'तुला नैराश्य आहे' असे सांगणार नाही. या विषयात आकडेमोड आली पाहिजे ती माणसांना अपाय होऊ नये म्हणून. वर्गात हे पटले की सूत्राची भीती पुष्कळ कमी होते, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या वर्षापासून रोज अर्धा तास दिला तर मध्यमान, विचलन, सहसंबंध, टी-चाचणी आणि प्रसरण विश्लेषण या गोष्टी नीट समजतात. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. जामोवी, जास्प आणि आर ही तिन्ही मोफत मिळतात आणि महाविद्यालयाच्या संगणक कक्षात वापरता येतात.

संख्याशास्त्रापेक्षाही मला आग्रहाने सांगायचे आहे ते एका लहान, प्रामाणिक आणि स्वतः केलेल्या संशोधनाविषयी. येथे मी थोडे सविस्तर लिहिते, कारण हे कसे होते याचे चित्र समोर असल्याशिवाय ते मुलांना अशक्य वाटते.

आमच्या प्रयोगशाळेत स्ट्रूपचा प्रयोग दरवर्षी होत असे. जे. रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये तो प्रसिद्ध केला. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला असेल आणि शाईचा रंग सांगायचा असेल तर माणूस अडखळतो, कारण वाचन इतके सवयीचे झालेले असते की ते थांबवता येत नाही. आमच्याकडे यासाठी इंग्रजी शब्दांची छापील कार्डे होती आणि मुले तीच वापरून जर्नल पूर्ण करीत. कोपरखैरण्याच्या एका विद्यार्थिनीने, जिचे शालेय शिक्षण नवी मुंबई महापालिकेच्या मराठी शाळेत झाले होते, विचारले की मराठी शब्दांनी केले तर? तिला मी कार्डे करायला सांगितले आणि तेथून तिचे खरे शिक्षण सुरू झाले. 'लाल' आणि 'निळा' दोन अक्षरांचे, 'हिरवा' आणि 'पिवळा' तीन अक्षरांचे. मग लांबीचा परिणाम कसा वगळायचा? कार्डावर 'निळा' छापलेले, पण आपल्याकडची मुले तोंडाने 'निळं' म्हणतात, कोणी 'निळी' म्हणते आणि 'लाल' मात्र कोणत्याही लिंगात बदलत नाही. मग 'निळं' हे उत्तर बरोबर धरायचे की चूक? प्रयोगाआधीच नियम ठरवावा लागला की तिन्ही रूपे बरोबर धरायची आणि तो नियम अहवालात लिहावा लागला. संज्ञेची कार्यात्मक व्याख्या, म्हणजे एखादी गोष्ट प्रत्यक्षात कशी मोजायची हे आधीच ठरवणे, काय असते हे पाठ्यपुस्तकातील दोन पानांनी जे शिकवले नव्हते, ते या एका अडचणीने शिकवले.

तिचा प्रश्न साधा होता. घरी मराठी बोलणारी, पण इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले देवनागरी कमी सहजतेने वाचतात. तर मराठी शब्दांमुळे त्यांचा अडथळा मराठी माध्यमाच्या मुलांपेक्षा कमी होईल का? दोन्ही गटांत मिळून चाळीस जण घेतले. प्रत्येकाला काय करायचे आहे आणि नको असल्यास मध्येच उठून जाता येईल, हे सांगणारे संमतिपत्र तिने सोप्या मराठीत लिहिले. एका मुलाला लाल-हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही हे प्रयोग सुरू झाल्यावर समजले, तेव्हा त्याची नोंद वगळली आणि का वगळली ते लिहिले. शेवटी फरक अपेक्षित दिशेने आला, पण इतका लहान की त्यावरून काही ठामपणे म्हणता येईना. ती खट्टू झाली. तिला वाटले प्रकल्प फसला. मी तिला तसेच लिहायला सांगितले: नमुना लहान होता, फरक निष्कर्षाला पुरेसा नव्हता, पुन्हा केल्यास किती माणसे घ्यावी लागतील.

पुढे पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत तिला बहुतेक वेळ याच प्रकल्पाविषयी विचारले गेले आणि ज्या परीक्षकांनी 'मग निष्कर्ष काय' असे विचारले, त्यांना तिने 'निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही' असे शांतपणे सांगितले. तिची निवड झाली. याची किंमत जाणकारांना कळते, कारण या शास्त्राने स्वतःच्या चुका अलीकडेच उघडपणे मोजल्या आहेत. २०१५ मध्ये अनेक देशांतील संशोधकांनी मिळून मानसशास्त्राचे शंभर प्रसिद्ध अभ्यास पुन्हा केले, तेव्हा पहिल्यासारखा ठोस निष्कर्ष केवळ छत्तीस टक्के अभ्यासांत मिळाला. अशा काळात 'माझा निष्कर्ष निघाला नाही' असे खरे सांगणारी विद्यार्थिनी विभागाला हवी असते.

मराठीत शिकलेल्या मुलांना या क्षेत्रात आपण मागे आहोत असे वाटते. त्यांना सांगावेसे वाटते की तुमची भाषा हीच तुमची प्रयोगशाळा आहे. स्वातंत्र्यापूर्वी व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले आणि ते परदेशी प्रश्नांचे शब्दशः भाषांतर करून झालेले नव्हते. इथल्या मुलांवर तपासून, प्रश्नांचा क्रम पुन्हा लावून झालेले होते. असे काम अजून कितीतरी बाकी आहे. तरीही इंग्रजी वाचनाची तयारी टाळता येत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून घेतली जाणारी आणि आता टाटा संस्थेतील प्रवेशासाठीही लागणारी सीयूईटी-पीजी ही परीक्षा इंग्रजी आणि हिंदीत होते, तिच्यात पंचाहत्तर प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. शोधनिबंध तर इंग्रजीतच असतात. दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला एक शोधनिबंध, आधी सारांश, मग पद्धती, मग तक्ते आणि सर्वांत शेवटी चर्चा, अशा क्रमाने वाचला आणि त्याचे दहा ओळींचे टिपण मराठीत लिहिले, तर दीड वर्षात पन्नासहून अधिक टिपणे होतात. माझ्या ज्या विद्यार्थ्यांनी हे केले, त्यांना प्रवेश परीक्षेच्या क्लासची गरज पडली नाही.

शिफारसपत्रांविषयी शिक्षिका म्हणून लिहिणे मला भाग आहे. परदेशी विद्यापीठे बहुधा तीन पत्रे मागतात, आपल्याकडेही काही संस्था दोन मागतात. त्या अर्जात शिक्षकाला विचारलेले असते की या विद्यार्थ्याला आपण किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता, आपण शिकवलेल्या विद्यार्थ्यांत त्याचे स्थान कितवे. एकशेवीस जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर तीन वर्षे शांत बसलेल्या हुशार मुलीविषयी मी काय लिहिणार? तिचे गुण तर गुणपत्रिकेवर आहेतच. मला अशी कोरडी पत्रे लिहावी लागली आहेत आणि प्रत्येक वेळी त्या मुलीवर अन्याय झाल्याची बोच लागली आहे. एका शिक्षकाने तरी तुमचे काम जवळून पाहिलेले असावे: तुमचा प्रकल्प पाहिलेला असावा, तुम्ही चूक कशी दुरुस्त करता ते पाहिलेले असावे. त्यासाठी दुसऱ्या वर्षीच शिक्षकांच्या खोलीचे दार ठोठावले पाहिजे. मुले संकोचतात, विशेषतः ज्यांच्या घरात कोणी महाविद्यालयात गेलेले नाही अशी. त्यांना वाटते की मॅडमना त्रास होईल. शिक्षकांनी वर्गात उभे राहून 'या' म्हटल्याशिवाय हा संकोच जात नाही. आणि पत्र मागायचे ते किमान तीन आठवडे आधी, आपल्या कामाचे एक पान सोबत देऊन.

अर्जासोबतच्या उद्देशपत्राबाबत थोडक्यात सांगते. शेकडो पत्रे मी तपासली आणि त्यांतील बहुतेकांची सुरुवात 'लहानपणापासून मैत्रिणी मला त्यांची दुःखे सांगतात' अशी होती. भावना खरी असते, पण तिच्यावरून विभागाला काही कळत नाही. स्वतःच्या आजाराविषयी किंवा घरातील दुःखाविषयी लिहावे की नाही हा नाजूक प्रश्न आहे. तो अनुभव तुम्हाला कोणत्या प्रश्नापर्यंत घेऊन आला हे सांगता येत असेल तर एका वाक्यात लिहावे, नाही तर तो स्वतःपाशी ठेवावा. उरलेल्या जागेत कोणता प्रश्न अभ्यासायचा आहे, त्याविषयी काय वाचले आहे, काय करून पाहिले आहे आणि त्याच विभागात का यायचे आहे, एवढे लिहिले तरी पत्र वेगळे उठून दिसते.

आता नियमांविषयी, कारण येथे सर्वांत जास्त गोंधळ आहे आणि गोंधळाचा फायदा घेणारेही आहेत. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पदवी एम.ए. झालेल्या कोणालाही पाटीवर लावता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीतील पात्रता, किंवा पदव्युत्तर पदवीनंतर त्याच परिषदेने मान्यता दिलेले, पर्यवेक्षणाखालील प्रत्यक्ष प्रशिक्षणासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. धरलेले आहे. दुसरीकडे, नव्या शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. बंद केले आणि नंतर केवळ क्लिनिकल सायकॉलॉजी व सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांसाठी २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुभा दिली. २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि क्लिनिकल सोडून अन्य मानसशास्त्रज्ञ त्याच्या कक्षेत आले. त्याच कायद्याचा आधार घेऊन अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. ठाणे जिल्ह्यातील नोकरी किंवा घर सांभाळून दूरशिक्षणाने एम.ए. करू पाहणाऱ्या कितीतरी स्त्रियांचा मार्ग त्यामुळे बंद झाला. त्यांच्यासाठी सायंकाळचे वर्ग हा पर्याय उभा राहायला हवा, असे मला तीव्रतेने वाटते.

आज प्रथम वर्षात बसलेली मुलगी या शिडीच्या वरच्या पायरीवर पोहोचेल तेव्हा चार-पाच वर्षे गेलेली असतील. म्हणून प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता पुनर्वास परिषदेच्या आणि अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांची यादी दरवर्षी स्वतः पाहावी, पैसे भरण्याच्या आधी पाहावी. आणखी एक निर्णय दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच घेतलेला बरा. चार वर्षांच्या पदवीत शेवटच्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के गुण अपेक्षित आहेत. तो मार्ग घेतला की पुढे पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचे होऊ शकते आणि परदेशी विद्यापीठांकडे अर्ज करतानाही चार वर्षांची पदवी उपयोगी पडते. तिसऱ्या वर्षात हे कळून काय उपयोग, पहिल्या चार सत्रांचे गुण तोवर लागून गेलेले असतात.

प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवाच, पण तो कसला? वीस वर्षांच्या मुलाने समुपदेशन करू नये. त्याने माणसांमध्ये राहावे, पाहावे, ऐकावे आणि लिहून ठेवावे. वाशीत महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र आहे, ठाण्यात १९९० पासून मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच संस्था आहे, दोन्ही शहरांत विशेष मुलांच्या शाळा, ज्येष्ठ नागरिकांची विरंगुळा केंद्रे आणि महापालिकेच्या शाळा आहेत. एखाद्या ठिकाणी, त्यांची परवानगी आणि त्यांचे नियम पाळून, आठवड्यातून एक दिवस वर्षभर सातत्याने जाणे हे कोणत्याही महिनाभराच्या इंटर्नशिपपेक्षा मोठे आहे. विशेष शाळेत मुलाला चमचा धरायला शिकवताना किती वेळा तीच कृती करावी लागते आणि जमलेल्या प्रत्येक प्रयत्नाला शाबासकी देऊन ती कशी पक्की होते, हे पाहिलेल्या विद्यार्थ्याला प्रबलन हा शब्द पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. तेथे पाहिलेल्या माणसांची नावे, छायाचित्रे, कहाण्या मोबाइलवर टाकायच्या नसतात, हेही त्याच वयात अंगवळणी पडले पाहिजे. मानसशास्त्रीय चाचण्यांच्या झेरॉक्स प्रती विद्यार्थ्यांमध्ये फिरताना मी पाहिल्या आहेत. चाचणीचे प्रश्न आधीच सर्वांना माहीत झाले की ती चाचणी निरुपयोगी होते आणि ज्याच्या निदानासाठी ती हवी असते त्या रुग्णाचे नुकसान होते.

माझी विनंती मुलांपेक्षा महाविद्यालयांना अधिक आहे. ठाणे आणि नवी मुंबईतील मानसशास्त्र विभागांनी एकत्र येऊन दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच पालकांसह एक बैठक घ्यावी आणि वरील नियम, परीक्षा, खर्च मराठीत समजावून सांगावेत. इंटर्नशिप देणाऱ्या संस्थांची एक नोंदवही सर्वांनी मिळून ठेवावी, तिच्यात पर्यवेक्षक कोण, त्यांची पात्रता काय, शुल्क किती आणि विद्यार्थ्याने प्रत्यक्षात काय केले हे मागील विद्यार्थ्यांनी लिहावे. अशी नोंदवही त्या वर्षी असती तर कळव्याच्या त्या वडिलांचे सहा हजार रुपये वाचले असते. दोन्ही महापालिकांनी आपल्या रुग्णालयांच्या मनोविकार विभागांत, रुग्णांची गोपनीयता पूर्ण राखून, पदवीच्या विद्यार्थ्यांना निरीक्षणाचे काही दिवस द्यावेत. आणि आपण, संपादक महोदय, 'सात दिवसांत समुपदेशक बना' अशा जाहिराती स्वीकारताना त्या अभ्यासक्रमाला कोणाची मान्यता आहे एवढे जाहिरातदाराला विचारावे.

माझ्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे तयार केलेली मराठी साधने, म्हणजे रंगशब्दांची कार्डे, स्मृतिप्रयोगांसाठी दोन आणि तीन अक्षरांच्या शब्दांच्या याद्या, देवनागरीतील निरर्थक अक्षरगट आणि संमतिपत्रांचे नमुने, मी घरी दोन खोक्यांत नीट लावून ठेवली आहेत. ज्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला ती हवी असतील, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी स्वतः आणून देईन आणि ती कशी वापरायची हे एक दिवस बसून दाखवीन.

आपली नम्र,
मानसशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
नौपाडा, ठाणे (पश्चिम)